अनोळखी सिस्टम फाइल दिसली तर: डिलीट करण्याआधीची तपासणी, टप्प्याटप्प्याने

टास्क मॅनेजर उघडला, कधी न ऐकलेलं नाव दिसलं. नेटवर शोधलं तर पहिल्याच पानावर ‘हा धोकादायक व्हायरस आहे, आमचं टूल लगेच डाउनलोड करा’. टूल टाकलं. नागपुरातल्या छोट्या ऑफिसांत, क्लासेसमध्ये आणि घरच्या कॉम्प्युटरवर बिघाडाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. मूळ फाइल विंडोजचीच असते आणि खरी घाण त्या टूलबरोबर येते. दुसरा वर्ग याच्या उलट वागतो. नाव ओळखीचं वाटलं, सिस्टम फाइलसारखं दिसलं, की सोडून देतो.

दोघांचीही चूक एकच आहे: फाइलच्या नावाला पुरावा मानणं. नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. फाइल कुठे बसली आहे, तिच्यावर कुणाची सही आहे, जगातल्या तपासयंत्रणा तिच्याबद्दल काय सांगतात आणि तिला कोण चालवतंय, हे या क्रमाने बघावं लागतं. डिलीट हा सगळ्यात शेवटचा टप्पा आहे, आणि बहुतेक वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. कॉम्प्युटर बँकेचा, कॉलेजचा किंवा मोठ्या कंपनीचा असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. फाइलचं नाव आणि पत्ता लिहून तिथल्या आयटीवाल्याला द्या.

तयारी: कशालाही हात लावण्याआधी

सगळ्यात आधी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. फाइलचं पूर्ण नाव, ती कुठे दिसली, अँटिव्हायरसने काही म्हटलं असेल तर तो संदेश आणि तारीख-वेळ त्यात यायला हवी. दुरुस्तीला येणाऱ्याला लोक सांगतात, ‘एस का काहीतरी होतं, मी उडवून टाकलं.’ मग पुढची तपासणी आंधळी होते.

त्यानंतर विंडोजने लपवलेल्या गोष्टी उघड्या करा. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आणि ‘हिडन आयटम्स’ हे दोन पर्याय सुरू करा. विंडोज ११ मध्ये ते ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’खाली सापडतात. विंडोज मुळात ओळखीची एक्स्टेन्शन्स लपवतं. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट इएक्सइ’ नावाची फाइल तुम्हाला ‘बिल डॉट पीडीएफ’ एवढीच दिसते, आणि तिला पीडीएफचं चित्र लावणं तर अगदीच सोपं आहे.

कामाची कागदपत्रं, टॅलीचा डेटा, फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क लगेच काढून ठेवा. कॉपी करायची ती कागदपत्रांची. इन्स्टॉलर आणि प्रोग्राम सोबत घेऊ नका, नाहीतर रोगही सोबत जाईल.

लॅपटॉप नवा असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते आत्ताच पाहून ठेवा. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पुढे ऑफलाइन स्कॅन किंवा दुरुस्तीच्या वेळी मशीनने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर डेटा समोर असून हाती लागत नाही.

शेवटची तयारी अवजारांची. ‘प्रोसेस एक्सप्लोरर’, ‘ऑटोरन्स’ आणि ‘सिगचेक’ ही सिसइंटर्नल्स संचातली मोफत अवजारं आहेत. २००६ पासून हा संच मायक्रोसॉफ्टचाच आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. दुसरीकडून घेतलेलं तपासणीचं अवजार हीच आणखी एक अनोळखी फाइल होते.

थांबा, आधी हे पाहा: तुमच्या कागदपत्रांची एक्स्टेन्शन्स डोळ्यांदेखत बदलत असतील, माउस आपोआप फिरत असेल किंवा न मागितलेले ओटीपी येत असतील, तर तपासणी करत बसू नका. वाय-फाय बंद करा, नेटवर्कची वायर काढा, बाहेरच्या डिस्क काढा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि जाणकाराला बोलवा.

टप्पा १: नाव अक्षर अक्षर वाचा

नावावरून फाइल निर्दोष ठरत नाही, पण खोटं नाव पकडलं जाऊ शकतं. त्यासाठी दोन मिनिटं पुरतात.

विंडोजची एक महत्त्वाची फाइल आहे ‘एल-एस-ए-एस-एस डॉट इएक्सइ’. लॉगिन आणि पासवर्डची कामं तिच्याकडे असतात. तिची नक्कल करणारे पहिल्या लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ टाकतात. नेहमीच्या स्क्रीन फॉन्टमध्ये दोन्ही उभी रेघच दिसतात. तसंच विंडोजच्या मागच्या मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणाऱ्या ‘एसव्हीसीहोस्ट’मधल्या ‘ओ’च्या जागी शून्य टाकतात, किंवा ‘व्हीसी’चं ‘सीव्ही’ करतात. डोळा चटकन वाचतो आणि फसतो.

उपाय सोपा आहे. नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, फॉन्ट ‘कन्सोलस’ निवडा आणि अक्षरं मोठी करा. त्या फॉन्टमध्ये शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते आणि मोठा ‘आय’ लहान ‘एल’पासून वेगळा दिसतो.

नाव बरोबर निघालं तरी निष्कर्ष काढू नका. हुबेहूब खरं नाव घेऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये बसणाऱ्या फाइली भरपूर आहेत.

टप्पा २: फाइलचा पत्ता काढा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘डीटेल्स’ टॅबवर जा, वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘इमेज पाथ नेम’ आणि ‘कमांड लाइन’ सुरू करा. आता प्रत्येक चालू प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दिसतो. एखाद्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घेतलं की ते फोल्डरच उघडतं.

सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या फाइलींचे पत्ते असे:

एसव्हीसीहोस्ट: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२. तिची ३२ बिटची आवृत्ती सिसवाव६४ मध्ये असू शकते. नावं उलटी वाटतात खरी, पण ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवाव६४ मध्ये ३२ बिटच्या. हे बघून ‘काहीतरी गडबड आहे’ असं समजू नका.

एलसॅस (वरची ‘एल-एस-ए-एस-एस’), सीएसआरएसएस, विनइनिट, सर्व्हिसेस: या चारही सिस्टम३२ मध्येच. दुसरीकडून चालताना दिसल्या तर शंकेला जागा आहे.

एक्सप्लोरर: ही सरळ विंडोज फोल्डरमध्ये असते, सिस्टम३२ मध्ये नाही. इथे पुष्कळ लोक उलटं समजतात आणि खऱ्या फाइलीवर संशय घेतात.

एमएसएमपीइएनजी: हा मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा प्रोग्राम. याचा पत्ता प्रोग्रामडेटामधल्या विंडोज डिफेंडर फोल्डरमध्ये असतो आणि आवृत्तीच्या आकड्याचं फोल्डर अपडेटबरोबर बदलत राहतं. विंडोजबाहेर आहे म्हणून बनावट समजू नका.

विन-एसएक्सएस फोल्डरमध्ये एकाच नावाच्या अनेक प्रती सापडतील. ती विंडोजची स्वतःची कोठी आहे. तिथलं हाताने काहीही काढू नका.

संशयाच्या जागा म्हणजे टेम्प फोल्डर, डाउनलोड्स, ‘पब्लिक’ वापरकर्त्याचं फोल्डर, रीसायकल बिन आणि प्रोग्रामडेटामधली निरर्थक अक्षरांच्या नावाची फोल्डरं. अ‍ॅपडेटाबद्दल (प्रत्येक वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरबद्दल) मात्र जपून बोला. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, झूम यांसारखे चांगले प्रोग्रामही तिथे बसतात, कारण तिथे अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही. एखादा व्हायरसही त्याच कारणाने ती जागा निवडतो. म्हणून अ‍ॅपडेटामधली फाइल दिसली की पुढचे टप्पे अधिक काळजीने करायचे, एवढाच त्याचा अर्थ.

संख्या पाहूनही लोक घाबरतात. एसव्हीसीहोस्टच्या पन्नासेक ओळी दिसणं अगदी नेहमीचं आहे. २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट देतं. एलसॅस मात्र एकच असायला हवी. सीएसआरएसएसच्या दोन ओळी दिसणं बरोबर. आणि ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के सीपीयू खाते म्हणून कुणी फोन करू नये. तो आकडा प्रोसेसर मोकळा बसल्याचा आहे आणि त्या ओळीमागे कुठलीही फाइल नसते.

पडताळा: काही ओळींचा पत्ता रिकामा दिसेल. लगेच संशय घेऊ नका. प्रोसेस एक्सप्लोरर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि पुन्हा बघा.

टप्पा ३: डिजिटल सही तपासा

सगळ्यात जास्त गोंधळ या टप्प्यावर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

फाइलवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ घ्या. ‘डीटेल्स’ टॅबमध्ये कंपनीचं नाव, आवृत्ती आणि कॉपीराइट दिसतं. त्याला शून्य किंमत द्या. फाइल बनवणाऱ्याने तिथे जे टाइप केलं ते दिसतं. ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ असं कुणीही लिहू शकतो. बघायचा टॅब आहे ‘डिजिटल सिग्नेचर्स’. यादीतलं नाव निवडा, ‘डीटेल्स’ बटण दाबा आणि वर सही ठीक असल्याचा संदेश येतो का ते पाहा. यादीत नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका, बटण दाबलंच पाहिजे. फाइलमध्ये नंतर फेरफार झाला असेल तर यादीत नाव राहतं आणि आत गेल्यावर सही अवैध असल्याचं कळतं.

आता सापळा. सिस्टम३२ मधल्या नोटपॅडच्या मूळ फाइलचे प्रॉपर्टीज उघडून बघा. तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅबच नाही! म्हणजे नोटपॅड व्हायरस झाला का? नाही. विंडोजच्या अनेक फाइलींची सही फाइलीच्या आत नसते. ती वेगळ्या कॅटलॉग फाइलीत असते, जिथे शेकडो फाइलींचे ठसे एकत्र नोंदवून त्या यादीवर मायक्रोसॉफ्टने सही केलेली असते. प्रॉपर्टीजची खिडकी ती सही दाखवत नाही. ‘टॅब नाही, म्हणजे सही नाही, म्हणजे बनावट’ या तर्काने चांगल्या फाइली उडवल्या जातात.

त्यामुळे टॅब नसेल तर अशी खात्री करा:

फाइल चालू असेल तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ‘ऑप्शन्स’खाली ‘व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स’ सुरू करा. ‘व्हेरिफाइड सायनर’ हा रकाना भरू लागेल. तिथे ‘व्हेरिफाइड’ आणि पुढे मायक्रोसॉफ्टचं नाव आलं तर कॅटलॉगमधली सहीदेखील जुळली.

फाइल चालू नसेल तर सिगचेक वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सिगचेक, मग एक स्पेस, मग अवतरण चिन्हात फाइलचा पूर्ण पत्ता. पहिल्या ओळींतच ‘साइन्ड’ की ‘अनसाइन्ड’ ते येतं.

सहीचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी जपा. सिस्टम३२ मध्ये बसून मायक्रोसॉफ्टची म्हणवणारी फाइल दोन्ही प्रकारे सहीविना निघाली, तर तो गंभीर इशारा आहे. पण छोट्या भारतीय कंपन्यांची हिशेबाची, शाळेची, मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर पुष्कळदा सहीविना असतात. तिथे सही नसणं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आणि सही असूनही फाइल वाईट असू शकते: २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने सही केलेले होते. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीसकट, आत घुसखोर कोड घेऊन लोकांपर्यंत गेली. वैध सही असली की संशय कमी करा, पण पुढचा टप्पा सोडू नका.

टप्पा ४: हॅश काढा, मग व्हायरसटोटल

हॅश म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा. एसएचए-२५६ प्रकारचा ठसा ६४ अक्षरांचा असतो. फाइलीत एक बिट बदललं तरी तो पूर्ण बदलतो, आणि नाव बदललं तर बदलत नाही. नावाच्या फसवणुकीवर याहून चांगला उतारा नाही.

सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक, ‘सीआरसी एसएचए’ आणि मग ‘एसएचए-२५६’. नसेल तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ हा आदेश आणि पुढे फाइलचा पत्ता. आलेला ठसा कॉपी करून गूगलच्या मालकीच्या व्हायरसटोटल साइटवर ‘सर्च’मध्ये टाका. तिथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचं मत एकाच वेळी दिसतं.

सावधान: आधी ठसा शोधा, सरळ फाइल अपलोड करू नका. अपलोड केलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि व्हायरसटोटलच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते. सीएच्या ऑफिसातून ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असलेली एक्सेल फाइल ‘जरा तपासून बघू’ म्हणून वर चढवणं ही मोठी चूक आहे. ज्या प्रोग्राम फाइलीत कुणाचीही खासगी माहिती नाही, तीच अपलोड करायची, आणि तीही ठसा सापडला नाही तरच.

निकाल वाचताना लोक दोन टोकं गाठतात. एका इंजिनाने लाल दाखवलं की घबराट, शून्य आलं की निर्धास्त. खरं वाचन असं करा.

नावाजलेल्या आठ-दहा इंजिनांनी व्हायरसच्या एकाच घराण्याचं नाव दिलं असेल तर वाद संपला, फाइल वाईट आहे. एकदोन फारशा माहीत नसलेल्या इंजिनांनी ‘जेनेरिक’, ‘ह्युरिस्टिक’, ‘सस्पिशियस’ असं मोघम काही म्हटलं असेल आणि पत्ता व सही दोन्ही ठीक असतील, तर ती बहुधा चुकीची घंटा आहे. ‘डीटेल्स’ टॅबमध्ये ही फाइल पहिल्यांदा कधी आली ते बघा. चार वर्षांपूर्वी आलेल्या फाइलीवर आजही शून्य असेल तर तो निकाल वजनदार आहे. आजच पहिल्यांदा आलेल्या फाइलीवरचं शून्य मात्र हलकं, कारण इंजिनांनी तिला अजून नीट पाहिलेलंच नसतं. निकाल जुना असेल तर ‘रीअ‍ॅनलाइझ’ करा. आणि ठसा सापडलाच नाही, याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा नाही. आजवर कुणी ती फाइल तिथे टाकलेली नाही, इतकंच.

मधल्या निकालांचं एक उदाहरण देतो. इतवारीतल्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसात स्टार्टअपमध्ये विचित्र अक्षरांचं नाव होतं. व्हायरसटोटलवर दोन लाल खुणा, फाइलवर सही नाही. ऑपरेटरचं बोट डिलीटवर. “उडवून टाकू का भाऊ?” “थांबा जी, पत्ता तर बघू.” पत्ता निघाला प्रोग्राम फाइल्समधल्या डीएससी टोकनच्या (डिजिटल सही करायच्या यूएसबी किल्लीच्या) फोल्डरचा. यूएसबीला टोकन लावलं की त्या फाइलची खिडकी उघडायची, काढलं की बंद. फोल्डरची तारीख टोकनचं सॉफ्टवेअर टाकल्याच्या दिवसाची. फाइल टोकनचीच होती. ती उडवली असती तर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरताना टोकन ओळखलंच गेलं नसतं, आणि कारणही कुणाला सापडलं नसतं. अशा फाइलीसाठी टोकन बनवणाऱ्याच्या साइटवरून सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून दोन्हींचे ठसे जुळतात का ते पाहणं, हा सगळ्यात भक्कम पुरावा.

चोरीच्या विंडोज-ऑफिसला चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. नवा असेम्बल केलेला पीसी घेताना कुणीतरी तो टाकून देतो आणि सांगतो, “क्रॅक आहे म्हणून व्हायरस दाखवते, काही होत नाही.” डिफेंडर त्यांना ‘हॅकटूल’ म्हणतं, आणि ती चुकीची घंटा नाही. अनेक अ‍ॅक्टिव्हेटर स्वतःचं फोल्डर डिफेंडरच्या तपासणीतून वगळायला लावतात. त्या मोकळ्या दारातून मग दुसरं काहीही आत येतं. ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ उघडा. तुम्ही स्वतः न घातलेली नोंद तिथे असेल तर ती आत्ताच काढा. ही तपासणी फार कमी लोक करतात आणि तिथेच पुष्कळदा सगळं उलगडतं.

टप्पा ५: तिला चालवतंय कोण?

काही वेळा फाइल शंभर टक्के विंडोजची असते आणि तिच्याकडून करून घेतलं जाणारं काम वाईट असतं. रनडीएलएल३२, पॉवरशेल आणि डब्ल्यूस्क्रिप्ट या तीन अशा फाइली. सही खरी, पत्ता खरा, व्हायरसटोटल स्वच्छ. त्यांच्यासाठी ‘कमांड लाइन’ रकाना वाचा. रनडीएलएल३२ च्या पुढे टेम्प किंवा अ‍ॅपडेटामधली फाइल लिहिलेली असेल, किंवा पॉवरशेलच्या पुढे न वाचता येणारी लांबलचक अक्षरांची माळ असेल, तर संशय त्या पुढच्या फाइलीवर किंवा आदेशावर घ्या. रनडीएलएल३२ ला काढू नका.

नागपुरात याचा सगळ्यात ओळखीचा नमुना पेनड्राइव्हचा आहे. लॉ कॉलेज चौकासारख्या भागात झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टचं प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह परत आला की सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डरं लपवलेली असतात आणि शॉर्टकट दाबला की आधी स्क्रिप्ट चालते, मग फोल्डर उघडतं. त्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधलं ‘टार्गेट’ वाचा. फोल्डरच्या साध्या शॉर्टकटमध्ये सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टचं काही काम नसतं. दिसलं तर दाबू नका, पेनड्राइव्ह स्कॅन करा.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये वंशावळही दिसते, म्हणजे कुणी कुणाला सुरू केलं ते. एसव्हीसीहोस्ट ही सर्व्हिसेसच्या पोटात असायला हवी आणि सर्व्हिसेस विनइनिटच्या पोटात. वर्डच्या किंवा ब्राउझरच्या पोटात एसव्हीसीहोस्ट किंवा पॉवरशेल दिसली तर काळजीचं आहे.

मग ऑटोरन्स उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालतं याची यादी तिथे मिळते, टास्क शेड्यूलरमधल्या नोंदींसकट. ऑप्शन्समध्ये सह्या तपासण्याचा पर्याय सुरू करा आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा. उरलेली यादी छोटी असते. गुलाबी ओळी सहीची खात्री न झालेल्या, पिवळ्या ओळी मूळ फाइल नाहीशी झालेल्या. पिवळी ओळ बहुधा जुन्या प्रोग्रामचा उरलेला कचरा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आवाजावरून मात्र निदान करू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात खोलीतल्या कूलरची दमट हवा आणि आत साचलेली धूळ. अशा वेळी कॅबिनेटचा पंखा भणभणणारच. सीपीयूचा टक्का बघा. काहीही न उघडता तो तासभर ७०-८० वर राहिला आणि ते एका अनोळखी फाइलीमुळे असेल, तर मायनरची (गुपचूप क्रिप्टो चलन काढणाऱ्या प्रोग्रामची) शंका रास्त. एसव्हीसीहोस्ट वर गेली असेल तर आधी विंडोज अपडेट चालू आहे का ते पाहा.

टप्पा ६: ऑफलाइन स्कॅन

शंका उरलीच असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि तिथे डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे चालू अवस्थेत लपणाऱ्या फाइलींना लपता येत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. आधी काम सेव्ह करा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, पीसी यूपीएसवर. निकाल नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त मिळतो.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी टाकण्याचा मोह टाळा. ते एकमेकांच्या फाइली पकडत बसतात.

टप्पा ७: निर्णय

पत्ता, सही, ठसा आणि वर्तन चारही ठीक: फाइल तशीच राहू द्या. नाव अनोळखी आहे म्हणून ‘बंद करून बघू’ हा प्रयोग नको.

फाइल विंडोजची आहे पण सही जुळत नाही: ती बिघडली असू शकते किंवा बदलली गेली असेल. हाताने काढू नका. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा. आधी डिझम या विंडोजच्याच दुरुस्ती-अवजाराचा ‘रिस्टोअर हेल्थ’ आदेश चालवा, तो विंडोजची कोठी (विन-एसएक्सएस) दुरुस्त करतो. मग सिस्टम फाइली तपासून बदलणारा आदेश: ‘एसएफसी’, स्पेस, स्लॅश आणि लगेच ‘स्कॅननाउ’. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी चांगली प्रत त्याच कोठीतून घेते आणि कोठीच खराब असेल तर ती देणार काय? नंतर सही पुन्हा तपासा.

सिस्टम३२ मधल्या महत्त्वाच्या फाइलीलाच अँटिव्हायरसने अचानक धरलं: घाईत ‘रिमूव्ह’ दाबू नका. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची खरी एसव्हीसीहोस्ट व्हायरस समजून धरली आणि जगभर असंख्य मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. सही आणि ठसा तपासा, अँटिव्हायरस अपडेट करा, काही तासांनी पुन्हा स्कॅन करा. ‘अमुक फाइल दिसली तर लगेच डिलीट करा, सगळ्यांना पाठवा’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला तर त्यालाही हाच नियम. २००१ आणि २००२ मध्ये अशाच खोट्या इमेलांना बळी पडून लोकांनी विंडोजच्या निर्दोष फाइली स्वतःच्या हाताने उडवल्या होत्या.

डीएलएल फाइल (प्रोग्रामला लागणारा सामायिक तुकडा) ‘मिसिंग’ असल्याचा संदेश येतो: ती सुटी फाइल देणाऱ्या साइटवर जाऊ नका. ‘व्हीसीरनटाइम१४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४०’ हवी असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. बाकीच्यांसाठी ज्या प्रोग्रामने तक्रार केली तो पुन्हा इन्स्टॉल करा.

फाइल वाईट ठरली: डिलीटऐवजी क्वारंटाइन (अँटिव्हायरसच्या ताब्यात बंद करून ठेवणं) निवडा, म्हणजे चूक निघाली तर परत आणता येते. ऑटोरन्समधल्या तिच्या नोंदीची खूण काढा, ओळ पुसू नका. मशीन रीस्टार्ट करून तीच जागा पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशीही बघा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. सुरुवात इमेलपासून करा, मग बँक, मग बाकीचे. खात्यातून पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तपासणीच्या सुरुवातीला काढलेला स्क्रीनचा फोटो तिथे कामी येतो.

काढलेली फाइल रीस्टार्टनंतर पुन्हा उगवली तर तिला आणणारं दुसरं काहीतरी आत आहे. ऑटोरन्स आणि ऑफलाइन स्कॅन एकदा परत करा. तरीही उगवली तर मग झुंजत बसण्यात अर्थ नाही, विंडोज नव्याने टाका. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार करा. नवं विंडोज टाकल्यावर आधी सगळी अपडेट्स घ्या, मग बॅकअपची डिस्क लावा. ती स्कॅन करा आणि कागदपत्रं तेवढी परत घ्या. प्रोग्राम ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरून नव्याने उतरवा.